मॅथ्यू नाराज आहे

८ ऑगस्ट, शुक्रवार

ही डायरी औषध कंपनीच्या कुणीतरी आमच्या ह्यांना, म्हणजे नानांना, दुकानात दिली होती. जानेवारीपासून कोरीच पडली होती. यज्ञेशच्या डोळ्यातल्या थेंबांच्या वेळा लिहायला काढली. पण तो तक्ता नानांनी फ्रिजवर चिकटवला, तेव्हा पानं आता माझी.

ऑपरेशन पनवेलला झालं. उजव्या डोळ्याचा पडदा सुटला होता. डॉक्टरांनी डोळ्यात गॅसचा बुडबुडा सोडलाय, तो आतून पडद्याला दाबून धरणार. त्यासाठी मान खाली घालून झोपायचं, मान खाली घालूनच बसायचं, जेवायचं. एकतीस वर्षांचा मुलगा, स्टुलावर उशी ठेवून तीत कपाळ रुतवून बसलाय, शाळेत शिक्षा झाल्यासारखा.

दुसरी अट नानांनी दोनदा विचारून घेतली. बुडबुडा विरेपर्यंत उंचावर जायचं नाही. विमान नाही, घाट नाही.

"म्हणजे खंडाळासुद्धा?"

"खंडाळासुद्धा. खाली राहा."

आणि पुणं तर घाटावर. म्हणजे दीड-दोन महिने यज्ञेश भिसेगावातच. देवा, क्षमा कर, मला त्या दवाखान्यात क्षणभर बरं वाटलं.

त्याच्या पुण्याच्या कंपनीने दसऱ्यापर्यंत रजा दिलीय. त्यानंतर हजर व्हा, नाहीतर राजीनामा द्या. आणि इकडे कडाव रस्त्याला त्याने पोशीरच्या स्वप्नीलबरोबर भागीत टर्फ काढलंय. टर्फ म्हणजे प्लास्टिकच्या गवताचं, चारी बाजूंनी जाळी लावलेलं फुटबॉलचं मैदान. पोरं तासावर भाड्याने घेतात. जाळी लागलीय, गवत पावसानंतर अंथरायचंय. मे महिन्यात तो ठाम होता, नोकरी सोडणार. डोळा गेल्यापासून गप्प आहे.

त्याने इथे राहावं असं मला किती वाटतं ते मी कोणाला सांगितलेलं नाही. बोलून दाखवलं की बिघडतं.

१० ऑगस्ट, रविवार

दुपारी उशीतून आवाज आला, "आई, तुला माझा क्लब सांभाळावा लागेल."

मला वाटलं टर्फबद्दल बोलतोय. नाही. हा कॉम्प्युटरवरचा खेळ. यात चेंडूला पाय लावायचा नसतो. आपण मॅनेजर. संघ निवडायचा, खेळाडूंशी बोलायचं, पत्रकारांना उत्तरं द्यायची. बाकी सामना आपोआप होतो. पाच मित्र मिळून खेळतात, बुधवारी आणि रविवारी संध्याकाळी, आपापल्या घरून. स्वप्नीलही त्यात आहे. एखादा आला नाही तर त्याचा संघ कॉम्प्युटरचा असिस्टंट चालवतो.

"चालवू दे की."

"तो गाढव आहे. मी दोन वर्षं मेहनत घेऊन हा क्लब वर आणलाय."

सगळं इंग्रजीत, आणि भराभर वाचायचं. नाना म्हणाले, हे तुझं काम, कॉन्व्हेंटला तू गेलीस.

तर मी खुर्चीवर, लॅपटॉप टेबलावर, शेजारी मान खाली घालून यज्ञेश. मी मोठ्याने वाचायचं, तो सांगेल तिथे दाबायचं. सामन्यापूर्वी संघाशी बोलायचं असतं. काय बोलायचं ते तर असतंच, पण कसं बोलायचं तेही निवडायचं: शांतपणे, कळवळून, बोट रोखून, पाण्याची बाटली फेकून.

"बाटली फेकून?"

"आई, फेकू नकोस."

"मी कशाला फेकीन? शाळेत सिस्टर बेनिग्नांनी आम्हाला साधं दार आपटू दिलं नाही कधी."

शांतपणे, 'माझा तुमच्यावर विश्वास आहे' असं दाबलं. एक शून्यने जिंकलो. गोल मातेउश नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाने मारला. मी त्याला मॅथ्यू म्हणते. चेहरा अगदी शाळकरी, कान बाहेर आलेले. यज्ञेशचे असेच होते.

१३ ऑगस्ट, बुधवार

आज माझं डोकं फिरलंय.

गोळीने यज्ञेशला झोप लागली. उठवायचं जिवावर आलं, म्हणून सामना मीच काढला. मॅथ्यूने तीन गोल मारले! मी एकटी स्वयंपाकघरात जाऊन गूळ खाऊन आले. मग पत्रकार आले. 'या तरुण खेळाडूबद्दल काय सांगाल?' उत्तरं समोर होती. एक, हा जगातला मोठा खेळाडू होणार. दोन, त्याला अजून पुष्कळ शिकायचंय. तीन, बोलायचं नाही.

आता कुठलाही शहाणा माणूस काय निवडेल? मी दोन दाबलं. आपल्या मुलाबद्दल चारचौघांत कोणी 'मोठा होणार' म्हणतं का?

तर लाल बाण खाली. 'मॅथ्यू नाराज आहे. मॅनेजरच्या जाहीर वक्तव्याने तो दुखावला आहे.'

यज्ञेश जागा झाला तेव्हा सांगितलं. उशीतच ओरडला, "अगं, तीन गोल मारले त्याने!"

"म्हणूनच तर."

"म्हणूनच तर म्हणजे?"

"म्हणजे तीन मारल्यावर दृष्ट लागायला वेळ लागत नाही. आणि डोक्यात हवा जाते ती वेगळी."

त्याने उशीत कपाळ नीट रुतवलं. मग म्हणाला, "त्याला कसं कळणार आई, तुला आतून काय वाटतं ते? त्याला ऐकू येतं तेवढंच कळतं."

कॉम्प्युटरचा खेळाडू तो, त्याला कळायचं काय नि नाही काय.

आमच्या अप्पांची आठवण झाली. मी वर्गात पहिली आले की बैठकीत वकील मंडळींसमोर अप्पा म्हणायचे, "आमची द्वारका ढ आहे हो." आणि मी दाराआड उभी राहून फुलून यायचे. कारण आतल्या आत सगळ्यांना ठाऊक असायचं. जी गोष्ट अप्पांना फार प्रिय, तिला ते नावं ठेवायचे. आंब्याच्या झाडाला, घड्याळाला, मला. आता अशी माणसं कुठे राहिलीत?

१४ ऑगस्ट, गुरुवार

येसूबाई दूध घेऊन आली. कडावहून येते, सगळ्या गावच्या बातम्या किटलीबरोबर. मुलाला बघायचं म्हणून दारातच बसली.

"बाई, पोरगा आता हितंच ऱ्हानार म्हनं? आमच्या गावात चर्चा हाय. लय मोठी जाळी लावल्याय गं. विमान पकडायला लावल्याय का काय!"

"कसलं राहतोय," मी म्हटलं. "चार दिवसांची हौस आहे. धंद्यातलं ओ की ठो कळत नाही त्याला. नोकरी आहे म्हणून चाललंय."

येसूबाईचे डोळे मोठे, आणि मनाने चांगली असली तरी तिच्या कौतुकाने आमची जास्वंद वाळली होती. तिच्यापुढे जपून बोलावं लागतं.

खोलीचं दार उघडंच होतं, पण यज्ञेशने हाक मारली नाही, म्हणजे झोपला असावा. नंतर गेले तर नळीने प्यायला दिलेला चहा तसाच गार झालेला. खाली मान घालून चहासुद्धा जात नसेल बिचाऱ्याला.

१७ ऑगस्ट, रविवार

मध्यंतराला दोन शून्यने पुढे होतो. यज्ञेश म्हणाला, "कौतुक कर त्यांचं." मी म्हटलं, सामना संपला नाही अजून, आत्ताच कसलं कौतुक. त्याला वैताग आला, "मग तुला हवं ते कर."

सिस्टर बेनिग्ना थ्रोबॉलच्या सामन्याआधी आम्हाला ओळीत उभं करायच्या आणि एकच वाक्य बोलायच्या: "मुलींनो, मला खाली बघायला लावू नका." आम्ही जीव तोडून खेळायचो. त्यांनी कधी 'गुड' म्हटलं नाही. वहीवर 'फेअर', म्हणजे 'ठीक', लिहिलं की मी घरापर्यंत पळत यायचे. मला त्या 'डॉर्कस' म्हणायच्या. द्वारका त्यांच्या तोंडात बसायचं नाही. त्यांच्या हाताला नेहमी खडूचा आणि निलगिरीचा वास यायचा.

यादीत त्यांच्या वाक्याच्या जवळचं एक होतं. 'मी समाधानी नाही. गाफील राहू नका.' बोट रोखून.

दोघे खेळाडू 'प्रेरित'. पाच 'अस्वस्थ'. मॅथ्यू 'गोंधळलेला'. तीन दोनने हरलो.

ही कसली नाजूक मुलं! दोन गोलांनी पुढे असताना एक शब्द सहन होत नाही.

२० ऑगस्ट, बुधवार

आज उलट केलं. म्हटलं, घ्या, प्रेमाने बोलते. 'कसलंही दडपण नको, मजा करा.' तर निम्मा संघ 'निरुत्साही'. मॅनेजरला या सामन्याचं काही पडलेलं नाही असं त्यांना वाटलं म्हणे! बोललं तरी पंचाईत, नाही बोललं तरी पंचाईत. पुन्हा हरलो. स्वप्नीलच्याच संघाकडून.

तो सामना झाल्यावर मोटरसायकलवर आला, पेढे घेऊन.

"काकू, तुमच्या टीमला काय पाजता काय? पळतच नाय!"

"त्यांना रागावलं की रडतात आणि लाड केले की झोपतात."

"आमचा आबा बैलाला अशीच शिवी द्यायचा, पण चारा टाकताना पाठ पन थोपटायचा. तुमी थोपटा जरा."

"तू मला शिकवू नकोस रे. मी थोपटलं तेव्हाच हरलो ना आज?"

खूप हसला. मग आत यज्ञेशपाशी बसला. मी पोहे घेऊन गेले तेव्हा दाराशी ऐकू आलं, "स्वप्न्या, माझा वाटा तू घेशील का? नाहीतर दुसरा कोणी बघू."

"येडा हायेस का रं? गवत अंथरायचं बाकी हाय नुस्तं."

"मला धंद्यातलं काय कळतं? नोकरी आहे म्हणून चाललंय माझं."

पोह्यांची बशी हातात तशीच राहिली. इतके दिवस हा असं बोलला नव्हता. कोणीतरी याचे कान भरतंय. मला स्वप्नीलच्या घरच्यांचा संशय येतो. त्याच्या काकांना पहिल्यापासून भागीदारी पसंत नव्हती.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती बसले. यज्ञेशला आता हिंडायफिरायला परवानगी, पण मान खालीच. आरतीला उभा राहिला आणि स्वतःच्या पायांकडे बघत टाळ्या वाजवत होता. म्हणाला, डोळ्यात बुडबुड्याची रेघ दिसते, बाटलीतल्या पाण्यासारखी, चाललं की हलते. आता अर्ध्यावर आलीय.

घर भरलेलं. प्रत्येकजण विचारत होता, टर्फ कधी सुरू करणार, नोकरी सोडली का. मी आपली सगळ्यांना एकच सांगत होते, अहो कसलं टर्फ, पोरखेळ आहे, डोळा धड नाही आणि उड्या मारतोय. मोदक संपले तेव्हा नाना माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "झाली का प्रेस कॉन्फरन्स?"

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. तुझा सेंटर फॉरवर्ड आत बसलाय."

नानांना फुटबॉलमधलं काही कळत नाही. सेंटर फॉरवर्ड आता कोणी म्हणत नाही, स्ट्रायकर म्हणतात.

आज सामना नव्हता. सगळ्यांच्या घरी गणपती.

३१ ऑगस्ट, रविवार

मॅथ्यूला क्लब सोडायचाय!

लॅपटॉप उघडला तर निरोप समोर. 'मॅनेजरने माझ्यावर जाहीरपणे शंका घेतली. माझी इथे गरज आहे असं मला वाटत नाही. मला जाऊ द्यावं.'

मी तो वाचून दाखवला. यज्ञेश म्हणाला, "त्याला भेटायला बोलाव. नीट बोल." मी बोलावलं. उत्तरांमध्ये एक होतं, 'अशी भाषा तुझ्या वयाला शोभत नाही.' तेच मनातलं होतं, तेच दाबलं गेलं. मग तो जास्तच चिडला. मग कप्तान आला त्याची बाजू घेऊन. मग गोलकीपर. मग आणखी चौघे, ज्यांची नावंसुद्धा मला वाचता येत नाहीत.

"आई, का?"

"अरे, मी त्याच्या भल्यासाठीच बोलले! इतके सामने झाले, एकदा तरी बसवलं का मी त्याला बाहेर? प्रत्येक सामन्यात पहिलं नाव त्याचं. ते नाही दिसत त्याला?"

"ते त्याला संघाच्या यादीत दिसतं. तू जे बोलतेस ते सगळ्या जगाला दिसतं."

"मग जगाने ऐकून सोडून द्यावं."

यज्ञेश उशीवरून मान न उचलता हसला, पण ते हसू मला आवडलं नाही. म्हणाला, "जाऊ दे त्याला. राहून काय करणार तो?"

मी लॅपटॉप बंद करून अंगणात गेले. अळूची पानं उगाचच खुडली. रात्री कोणालाच अळू नको होतं.

७ सप्टेंबर, रविवार

दोन सामने गेले, दोन्ही बरोबरीत. मॅथ्यू मैदानावर नुसता फिरतो.

आज यज्ञेश शेजारी खुर्चीवर बसला. स्क्रीनकडे बघायचं नाही म्हणून भिंतीकडे तोंड करून. म्हणाला, "आई, आज पत्रकार आले की मी सांगतो तेच दाब. वाद नाही."

आले. 'मातेउशच्या भवितव्याबद्दल काय सांगाल?'

"पहिलं उत्तर काय आहे?"

मी वाचलं. "'तो आमच्यासाठी अमूल्य आहे. त्याने इथेच राहावं अशी माझी इच्छा आहे.'"

"दाब."

"अरे, पण असं उघड..."

"दाब ना आई."

"त्याला एकट्याला बोलावून सांगू का? कोणाला कळायला नको."

"एकट्याला सांगून काही होत नाही. तू त्याला खाली पाडलंस सगळ्यांसमोर, उचलायचंही सगळ्यांसमोरच."

माझं बोट बटणावर किती वेळ होतं कोण जाणे. आईची दृष्ट सगळ्यात आधी लागते असं माझी आजी सांगायची. यज्ञेश दुपट्यात असताना मी त्याच्याकडे टक लावून कधी बघितलं नाही. झोपला की बघायचे, तेही गालावर काजळाचं बोट लावून.

शेवटी दाबलं. आणि टेबलाच्या लाकडाला तीनदा हात लावला. सिस्टर बेनिग्ना याला अंधश्रद्धा म्हणायच्या, पण स्वतः गळ्यातला क्रॉस धरायच्या.

१० सप्टेंबर, बुधवार

सांगितलं होतं! सांगितलं होतं की नाही!

अकराव्या मिनिटाला मॅथ्यू पडला. मांडीचा स्नायू फाटला. दोन महिने बाहेर. स्ट्रेचरवर नेताना इतकासा दिसत होता.

"घे," मी यज्ञेशला म्हटलं. "अमूल्य, अमूल्य. झालं समाधान?"

"आई, हा योगायोग आहे. आकडे असतात आत, फासे पडल्यासारखे."

"फासे माझ्या बोलण्याची वाट बघत होते का इतके दिवस?"

नाना पेपरातून म्हणाले, "द्वारका, आता तू त्या कॉम्प्युटरवरून मीठमोहरी ओवाळ."

मी आज जेवले नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

विचित्र गोष्ट. मॅथ्यूचा निरोप आलाय. 'मॅनेजरने दाखवलेल्या विश्वासाबद्दल मी आभारी आहे. क्लब सोडण्याची मागणी मी मागे घेतो.' पुढे हिरवा बाण, वर. 'मॅथ्यू अतिशय आनंदी आहे.'

मांडी फाटलीय, दोन महिने घरी बसायचंय, आणि म्हणे अतिशय आनंदी. वेडाच आहे.

मी तो निरोप यज्ञेशला दोनदा वाचून दाखवला. त्याने तिसऱ्यांदा वाचायला सांगितलं.

२१ सप्टेंबर, रविवार

बुडबुडा आता वाटाण्याएवढा राहिलाय. यज्ञेश मान वर करून जेवला. त्याचा चेहरा इतके दिवस नीट बघितलाच नव्हता. गालावर उशीची घडी कायमची पडल्यासारखी.

कंपनीचा फोन आला होता. तो अंगणात जाऊन बोलला. मी खिडकीतून फक्त पाठ पाहिली. काय ठरलं ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. विचारलं की त्याला वाटेल मी अडवतेय. नाही विचारलं की काय वाटत असेल, देव जाणे.

स्वप्नीलने एकट्याने गवत अंथरून घेतलंय. पितृपक्ष आज संपतोय, दसऱ्याला उद्घाटन. म्हणाला, "मालक एक राहो नायतर दोन, फीत तर कापायचीच काकू."

२८ सप्टेंबर, रविवार

डॉक्टरांनी काल तपासलं. बुडबुडा विरला. पडदा बसलाय. "घाट मोकळा तुम्हाला," म्हणाले. मला त्या माणसाचा इतका राग यावा असं त्याने काही केलेलं नाही.

यज्ञेश आज पुण्याला गेला. बॅग छोटीच होती. दसऱ्याला येतो म्हणाला. पण दसऱ्याला येणं आणि राहायला येणं यात घाटाएवढं अंतर आहे.

दारात उभी राहून मी काय बोलायचं ते मनात दहादा ठरवलं होतं. तोंडातून निघालं, "थेंब विसरू नकोस. तुझ्या लक्षात काही राहत नाही."

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

सकाळी आला. सोनं वाटलं, पाया पडला. पुण्यात काय झालं ते नाना विचारतील म्हणून मी थांबले, नाना मी विचारीन म्हणून थांबले. आमच्या घरात सगळेच सुशिक्षित.

संध्याकाळी टर्फवर गेलो. हिरवंगार, नुकतं विंचरल्यासारखं. दिवे लावल्यावर कडावची पोरं जाळीला नाक लावून उभी. स्पीकरवर कानठळ्या बसवणारं गाणं. स्थानिक पुढारी आले, फीत कापली, चेंडूला लाथ मारली आणि चप्पल लांब जाऊन पडली.

मोबाईलवर बातम्यांचं चॅनल चालवणारी सोनाली नावाची मुलगी माईक घेऊन माझ्याकडे आली. "काकू, तुमच्या मुलाने नोकरी सोडून हे सुरू केलंय असं ऐकलं. काय सांगाल त्याच्याबद्दल?"

वाक्य अगदी ओठांवर होतं. बघू या, किती दिवस टिकतंय. येसूबाई हाताच्या अंतरावर उभी होती, डोळे विस्फारून. आणि यज्ञेश आमच्याकडे पाठ करून जाळीची दोरी आवळत होता. आवळून झालेली दोरी पुन्हा आवळत होता. मान खाली. आता खाली घालायची काही गरज नव्हती.

मला मॅथ्यू आठवला. स्ट्रेचरवरचा. आणि नंतरचा, हिरव्या बाणाचा.

मी म्हटलं, "छान केलंय त्याने. डोळा असा असताना केलंय. मला त्याचा अभिमान वाटतो. तो इथेच राहिला तर मला फार आवडेल."

माझे कान गरम झाले. एवढं मी लग्नातसुद्धा बोलले नव्हते.

सोनाली मोबाईल कानाला लावून म्हणाली, "काकू, गाण्यात काही ऐकू नाही आलं. जरा मोठ्याने, पुन्हा?"

पुन्हा! मला वाटलं जमीन दुभंगावी, पण तिच्यावर तर प्लास्टिकचं गवत होतं. मी घसा खाकरला आणि ओरडले, "छान केलंय त्याने! मला अभिमान वाटतो! तो इथे राहिला तर मला फार आवडेल!"

नेमकं त्याच क्षणी स्वप्नीलने गाणं बंद केलं. 'फार आवडेल' संपूर्ण कडाव रस्त्याला ऐकू गेलं.

"अगं बाई," येसूबाई म्हणाली.

यज्ञेश वळला नाही. दोरी मात्र सोडली.

४ ऑक्टोबर, शनिवार

सोनालीचा व्हिडिओ आला. पुढारी फीत कापताना, पुढारी बोलताना, पुढारी पेढा खाताना. मी शेवटी क्षणभर, तोंड उघडं, आणि वर तेच कानठळ्यांचं गाणं. एक शब्द नाही! दोनदा ओरडायला लावून एक शब्द ठेवला नाही त्या मुलीने. मी इतकी संतापले की नानांचा चहा साखरेशिवाय गेला.

"काय मेलं ते चॅनल! जन्मात एकदा बोलले मी, आणि कापून टाकलं."

यज्ञेश टेबलाशी बसून चेंडूंमध्ये हवा भरत होता. म्हणाला, "मी तिथंच होतो आई."

एवढंच. मग पंपाचा आवाज.

तिन्हीसांजेला मीठ, मोहरी, सुक्या मिरच्या घेतल्या. डोळ्याला धूर लागायला नको म्हणून त्याला आत खिडकीशी उभं केलं आणि मी बाहेर अंगणातून, गजांच्या अल्याडून उतरवलं. आल्यागेल्याची, येसूबाईची, पुढाऱ्याची. कोणाकोणाची म्हणून म्हटलं. एक नाव मनात घेतलं. ते इथेही लिहीत नाही. थोड्या मिरच्या जास्त घातल्या, मॅथ्यूच्या. शेगडीत टाकल्या आणि पदर नाकाला लावून उभी राहिले.

ठसका लागला नाही. एवढ्या मिरच्या जळल्या, जराही खाट आली नाही.

"जबरदस्त लागली होती म्हणजे," नाना आतून म्हणाले.

यज्ञेश गज धरून उभा होता. म्हणाला, "आई, मंगळवारी टेंपो सांगितलाय. पुण्याहून कपाट आणायचंय. कुठे ठेवायचं?"

शेगडीकडे बघत मी पदर तसाच तोंडावर धरून ठेवला. थोड्या वेळाने आवाज नीट निघेल अशी खात्री झाल्यावर म्हटलं, "ते कपाट? फार बोजड आहे. आणि रंग तर बघवत नाही. तुला काही निवडताच येत नाही."

 मग यज्ञेश म्हणाला, "मॅथ्यू नाराज आहे," आणि हसायला लागला. इतका, की मला ओरडावं लागलं, हळू रे, डोळ्यावर ताण येईल.

देवघराशेजारची भिंत मोजली. बसेल.